पत्ता, घाई आणि एक निरंक नोंद

९ ऑक्टोबर २०२२. कोजागरी होती. आमच्या इमारतीच्या गच्चीवर दरवर्षीप्रमाणे दुधाची तयारी चालली होती. मी माझी लहानशी दुर्बीण लावून मुलांना चंद्र दाखवण्याच्या खटपटीत होतो. ढग येत-जात होते. पूर्वेला चंद्र वर आला होता आणि त्याच्याजवळच गुरू, त्यामुळे सगळ्यांची तोंडं पूर्वेकडे. संध्याकाळचे सहा वाजून सत्तेचाळीस मिनिटं झाली होती. नेमक्या त्या वेळी, आजवर उपकरणांनी नोंदलेल्या गॅमा किरण स्फोटांपैकी सर्वांत तेजस्वी स्फोटाचे किरण पृथ्वीवर येऊन थडकले. आम्हांला कुणालाही त्याचा पत्ता लागला नाही. गॅमा किरण डोळ्यांना दिसत नाहीत आणि वातावरण त्यांना जमिनीपर्यंत येऊही देत नाही.

मला ही बातमी दुसऱ्या दिवशी रात्री कळली. मग कागद-पेन्सिल घेऊन बसलो आणि आकडेमोड केली. स्फोटाची दिशा शर तारकासमूहातली होती. त्या दिवशी, त्या वेळी आकाशाचा तो भाग महाराष्ट्रातून पाहिला तर जवळजवळ खस्वस्तिकावर, म्हणजे थेट डोक्यावर होता. दोनशे कोटी वर्षांच्या आसपास प्रवास करून आलेला तो लोंढा आमच्या दुधाच्या पातेल्यावरून गेला, आणि मी मुलांना चंद्रावरचे खड्डे मोजायला सांगत होतो.

तेव्हापासून हा विषय डोक्यात घोळत राहिला. खरं तर त्याचं मूळ आणखी जुनं आहे, आणि ते माझ्या एका चुकीत आहे.

मी खगोलशास्त्राचा विद्यार्थी नाही. वाणिज्य शाखेचा पदवीधर. पतसंस्था आणि दूधसंस्थांच्या हिशेबतपासणीवर घर चाललं. खगोलशास्त्र शिकलो ते ग्रंथालयातून आणि पुढे इंटरनेटवरचे मूळ शोधनिबंध शब्दकोश शेजारी ठेवून वाचत. असं असूनही शाळांमध्ये विज्ञान दिनाला बोलावणं येतं आणि मी जातो. काही वर्षांपूर्वी अशाच एका शाळेत मी गॅमा किरण स्फोटांविषयी बोललो. १९६७ साली पहिला नोंदला गेला, पुढे कळलं की असे स्फोट सरासरी रोज एक होतात, पण त्यांचा उगम कळायला १९९७ साल उजाडावं लागलं, असं सांगितलं. मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. "सर, रोज एक होत होता म्हणता, मग तीस वर्षं तो कुठल्याच दुर्बिणीतून कसा दिसला नाही?"

मी म्हणालो, "तोवर दुर्बिणी तेवढ्या मोठ्या नव्हत्या." ती बसली. घरी आल्यावर सवयीने तारखा तपासल्या. पालोमारची दोनशे इंची दुर्बीण १९४०च्या दशकाच्या अखेरीपासून आकाश पाहत होती. ज्या दुर्बिणीतून १९९७ साली शोध लागला, ती दहा वर्षं आधीपासून चालू होती. माझं उत्तर साफ चुकीचं होतं. मग बरोबर उत्तर काय? या लेखात तेच शोधायचा प्रयत्न आहे.

हेरगिरीच्या नोंदवहीतला परका आकडा

१९६३ साली अमेरिका, सोव्हिएत संघ आणि ब्रिटन यांच्यात मर्यादित अणुचाचणीबंदी करार झाला. वातावरणात, पाण्याखाली आणि अवकाशात चाचण्या करायच्या नाहीत असं ठरलं. समोरचा शब्द पाळतो की नाही हे पाहण्यासाठी अमेरिकेने 'वेला' नावाचे उपग्रह सोडले. अणुस्फोटातून बाहेर पडणारे क्ष-किरण, गॅमा किरण आणि न्यूट्रॉन टिपणं हे त्यांचं काम. २ जुलै १९६७ रोजी या उपग्रहांनी गॅमा किरणांचा एक झोत नोंदवला. अणुस्फोटाच्या खुणेशी तो जुळत नव्हता. ही नोंद लगेच कुणी पाहिलीही नाही. लॉस अलामॉसच्या प्रयोगशाळेतले रे क्लेबसाडेल आणि रॉय ओल्सन जुन्या नोंदी हाताने चाळत असताना १९६९ साली ती त्यांच्या नजरेला आली.

हा शोध लष्कराने वर्षानुवर्षं दडवून ठेवला, असं आपल्याकडच्या लोकप्रिय लेखांत हमखास लिहिलेलं असतं. मीही ते व्याख्यानात सांगत असे. पण क्लेबसाडेल यांनी स्वतः पुढे सांगितलेला इतिहास वेगळा आहे. वेळ गेला तो खात्री करून घेण्यात. नंतर सोडलेल्या वेला उपग्रहांची घड्याळं जास्त काटेकोर होती. एकच झोत दोन उपग्रहांना किती क्षणांच्या अंतराने लागला, यावरून तो कोणत्या बाजूने आला हे ढोबळपणे ठरवता येतं. गावाच्या दोन टोकांना उभ्या असलेल्या माणसांनी एकाच सुतळी बाँबचा आवाज ऐकल्याच्या वेळा टिपून ठेवल्या, तर बाँब कुठल्या बाजूला फुटला ते सांगता यावं, तसंच हे. या हिशेबात पृथ्वी आणि सूर्य दोन्ही बाद झाले. १९७३ साली क्लेबसाडेल, इयान स्ट्राँग आणि ओल्सन यांनी १९६९ ते १९७२ मधले सोळा स्फोट जाहीर केले. हे किरण सूर्यमालेबाहेरून येत होते. किती दूरवरून, ते मात्र कुणालाच सांगता येत नव्हतं.

पत्ता होता तेव्हा वेळ नव्हती

अंतर काढायचं तर स्फोटाच्या जागी दुर्बीण रोखून तिथे काही दिसतं का ते पाहायला हवं. तिथे तारा आहे, दीर्घिका आहे की आणखी काही? इथेच घोडं अडलं.

गॅमा किरण आरशाने किंवा भिंगाने सहजासहजी एकत्र आणता येत नाहीत, त्यामुळे त्यांची दिशा अचूक सांगणं अवघड. १९९१ साली नासाने सोडलेल्या कॉम्प्टन वेधशाळेवर 'बॅट्सी' हे उपकरण होतं. नऊ वर्षांत त्याने २,७०४ स्फोट नोंदवले, पण प्रत्येकाच्या पत्त्यात काही अंशांची चूक. चार अंशांची चूक धरली तर आकाशाच्या तेवढ्या तुकड्यात अडीचशेच्या आसपास पौर्णिमेचे चंद्र मावतील. मोठ्या दुर्बिणीला एका वेळी दिसतो तो भाग बहुधा एका चंद्राहूनही लहान. 'पुण्यात कुठेतरी' एवढ्या पत्त्यावर पत्र पाठवण्यासारखा हा प्रकार. ज्या जागेत शोधायचं तिथे मंद तारे आणि दीर्घिका हजारोंनी.

दुसरी पद्धत होती ती दूरदूरच्या अवकाशयानांनी टिपलेल्या वेळा ताडून पाहण्याची. यानं कोट्यवधी किलोमीटर अंतरावर असली की पत्ता बराच नेमका मिळतो. पण प्रत्येक यानाकडून माहिती येऊन, गणित होऊन पत्ता हाती येईपर्यंत दिवस, कधी आठवडे उलटत. म्हणजे पत्ता मिळायचा तेव्हा वेळ निघून गेलेली असायची आणि वेळेवर जे कळायचं त्याला पत्ता म्हणता येत नव्हतं. तीस वर्षांची कोंडी या एका वाक्यात सांगता येईल. त्या मुलीला मी हेच सांगायला हवं होतं.

बॅट्सीने एक गोष्ट मात्र पक्की केली. स्फोट आकाशात सगळीकडे सारखेच विखुरलेले होते. ते आपल्या आकाशगंगेच्या तबकडीतले असते, तर रात्री दिसणाऱ्या त्या दुधाळ पट्ट्यात त्यांची गर्दी दिसली असती. यावरून तट पडले. २२ एप्रिल १९९५ रोजी वॉशिंग्टनमध्ये डोनाल्ड लॅम्ब आणि बोहदान पाचिन्स्की यांच्यात जाहीर वाद झाला. मार्टिन रीस मध्यस्थ होते. हार्लो शॅपली आणि हीबर कर्टिस यांच्या १९२० च्या प्रसिद्ध वादाला पंचाहत्तर वर्षं झाल्याचं निमित्त होतं. स्फोट आपल्याच आकाशगंगेभोवतीच्या विस्तीर्ण आवरणातल्या न्यूट्रॉन ताऱ्यांवर होतात, हा लॅम्ब यांचा पक्ष. ते अब्जावधी प्रकाशवर्षं दूरच्या दीर्घिकांत होतात, हा पाचिन्स्कींचा. दोन्ही बाजूंना सबळ मुद्दे होते. ज्यांच्यावर वाद होता, त्या वस्तूंच्या अंतरात हजारो पटींचा फरक पडत होता, आणि निकाल लावील असा पुरावा कुणाकडेच नव्हता.

काय शोधायचं, याची कल्पना मात्र स्पष्ट होत चालली होती. स्फोटातून प्रकाशाच्या जवळपास वेगाने सुटलेलं द्रव्य भोवतालच्या विरळ वायूवर आदळेल, तिथे आघात-लाट तयार होईल आणि आधी क्ष-किरणांत, मग दृश्य प्रकाशात, शेवटी रेडिओ लहरींत बराच काळ उजेड राहील, असं सिद्धान्त मांडणाऱ्यांचं म्हणणं होतं. इंग्रजीत याला आफ्टरग्लो म्हणतात. मी पश्चदीप्ती म्हणतो. सूर्य मावळल्यावर पश्चिमेला उजेड रेंगाळतो, तसा हा स्फोटामागून रेंगाळणारा उजेड. तो झपाट्याने ओसरतो, म्हणून त्या जागी वेळेत पोहोचायला हवं.

२८ फेब्रुवारी १९९७

३० एप्रिल १९९६ रोजी इटली आणि नेदरलँड्स यांचा 'बेपोसॅक्स' उपग्रह अवकाशात गेला. ज्युसेप्पे ऑक्यालिनी या इटालियन भौतिकशास्त्रज्ञाचं 'बेपो' हे लाडकं नाव. हा उपग्रह मुळात क्ष-किरणांसाठी होता. त्यातल्या एका उपकरणाला बाजूच्या किरणांपासून आडोसा देणाऱ्या चार फळ्यांकडूनच गॅमा स्फोट टिपण्याचं जादा काम करून घेतलं होतं. शिवाय डच बनावटीचे दोन रुंद नजरेचे क्ष-किरण कॅमेरे होते. स्फोट नेमका त्यांच्या नजरेच्या टप्प्यात झाला, तर त्याचा पत्ता काही कलांपर्यंत सांगता येत असे. (अंशाचा साठावा भाग म्हणजे एक कला. पूर्णचंद्राची रुंदी साधारण तीस कला.) आणि हे काही तासांत.

२८ फेब्रुवारी १९९७ रोजी जागतिक वेळेनुसार पहाटे २ वाजून ५८ मिनिटांनी मृग तारकासमूहात एक स्फोट झाला. सुमारे ऐंशी सेकंद टिकला. आपल्याकडे तेव्हा सकाळचे साडेआठ वाजत होते आणि शाळांतून विज्ञान दिनाची तयारी चालली असेल. स्फोट बेपोसॅक्सच्या रुंद कॅमेऱ्यात सापडला. आठ तासांत उपग्रह वळवून त्याची बारीक नजरेची उपकरणं त्या जागी रोखली गेली. तिथे एक अनोळखी क्ष-किरण स्रोत होता. ३ मार्चला पुन्हा पाहिलं, तर तो सुमारे विसाव्या हिश्श्यावर आलेला. एनरिको कोस्टा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्फोटानंतर विझत जाणारा क्ष-किरणांतला उजेड पहिल्यांदाच पकडला होता.

पत्ता ॲमस्टरडॅमला यान व्हान पाराडाइस यांच्या गटाकडे गेला. टायटस गालामा आणि पॉल ग्रूट हे त्यांचे विद्यार्थी पाठपुराव्याचं काम करत. त्याच रात्री, स्फोटानंतर एकवीस तासांच्या आत, कॅनरी बेटांपैकी ला पाल्मावरच्या ४.२ मीटरच्या विल्यम हर्शेल दुर्बिणीतून त्या जागेचं चित्र घेतलं गेलं. त्या चित्रात ठिपकेच ठिपके होते. त्यांतला कोणता आपला? एका चित्रावरून ते सांगायला मार्ग नव्हता.

८ मार्चला ला पाल्मावरूनच त्याच जागेची पुन्हा चित्रं घेतली. दोन तारखांची चित्रं शेजारी ठेवल्यावर दिसलं, की पहिल्या चित्रातला २१.३ प्रतीचा एक ठिपका दुसऱ्या चित्रात नाही. तिथे २३.६ प्रतीपर्यंत काहीच नव्हतं. (तेजस्वितेच्या प्रतीचा आकडा जितका मोठा, तितकी वस्तू मंद.) बाकीचे ठिपके जागच्या जागी.

हिशेबतपासणीतला माणूस म्हणून मला इथे थांबावंसं वाटतं. कार्यालयीन मराठीत 'निरंक' असा शब्द आहे. तक्ता भरताना एखाद्या बाबीखाली काही आढळलं नाही, तर रकाना कोरा सोडायचा नसतो, 'निरंक' लिहायचं असतं. कोऱ्या रकान्यातून काहीच कळत नाही, कदाचित कुणी तपासलंच नसेल. निरंक लिहिणारा मात्र 'मी तपासलं आणि नाही आढळलं' याची जबाबदारी सही करून घेत असतो. ८ मार्चची ती चित्रं म्हणजे अशी निरंक नोंद होती. गॅमा किरण स्फोटाची पहिली दृश्य पश्चदीप्ती ओळखली गेली ती दुसऱ्या चित्रातल्या रिकाम्या जागेवरून.

एक साधा हिशेबही मी करून पाहिला. पश्चदीप्ती उतरते ती ढोबळपणे काळाच्या व्यस्त प्रमाणात. वेळ दहापट झाली की उजेड दहाव्या हिश्श्याच्या जवळपास येतो. पहिलं चित्र एकवीसाव्या तासाचं, दुसरं आठ दिवसांनंतरचं, म्हणजे सुमारे १९२ तासांचं. वेळ नऊपट. उजेड नवव्या हिश्श्यावर यायला हवा, म्हणजे प्रतीच्या भाषेत सुमारे २.४ ने मंद. २१.३ मध्ये २.४ मिळवा, २३.७ येतात. दुसऱ्या चित्राची मर्यादा २३.६! थोडक्यात, पत्ता आठवडाभर उशिरा मिळाला असता, तर त्याच दुर्बिणीला तिथे काहीही दिसलं नसतं, आणि त्याआधीची अनेक वर्षं नेमकं हेच घडत आलं होतं.

मार्चअखेरीस हबल दुर्बिणीने त्याच ठिकाणी एक ठिपका आणि त्याला लागून एक पुसटसा धुरकट डाग दाखवला. डाग म्हणजे दूरची दीर्घिका असावी असं बहुतेकांना वाटलं, पण अंतर अजून मोजलं गेलेलं नव्हतं.

अंतराचा निकाल

ते मोजलं गेलं मे महिन्यात. ८ मे १९९७ च्या स्फोटाचा पत्ताही बेपोसॅक्सनेच दिला. अमेरिकेतल्या किट पीक वेधशाळेत हॉवर्ड बाँड यांनी ०.९ मीटरच्या, म्हणजे अगदी मध्यम आकाराच्या दुर्बिणीतून पश्चदीप्ती शोधली. ती अजून तेजस्वी होती तोवर, ११ मे रोजी, हवाईमधल्या केक दुर्बिणीने तिच्या प्रकाशाचा वर्णपट घेतला. हे काम कॅलटेकच्या गटाचं. मार्क मेट्झगर पुढे होते आणि त्यांच्यासोबत श्रीनिवास कुलकर्णी होते. कुलकर्णींचा जन्म कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुरुंदवाडचा, बालपण हुबळीचं. पुढची कित्येक वर्षं या क्षेत्रातल्या महत्त्वाच्या निबंधांवर त्यांचं नाव दिसत राहतं.

वर्णपटात लोह आणि मॅग्नेशियमच्या शोषणरेषा होत्या, पण आपल्या जागेवरून लांब सरकलेल्या. सरकण्याचं प्रमाण निघालं ०.८३५. पश्चदीप्तीचा प्रकाश वाटेतल्या ज्या वायूतून गाळून आला होता, तो वायूच इतका दूर होता, की तिथून प्रकाशाला आपल्यापर्यंत यायला सातशे कोटी वर्षं लागली. स्फोट त्याच्या अलीकडे असणं शक्य नव्हतं. वॉशिंग्टनच्या वादाचा निकाल दोन वर्षांनी असा लागला. पाचिन्स्की बरोबर ठरले.

त्याच स्फोटाची आणखी एक नोंद मला फार आवडते. डेल फ्रेल आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या रेडिओ दुर्बिणींतून ही पश्चदीप्ती पाहिली, तेव्हा सुरुवातीचे काही आठवडे ती लुकलुकत होती. लहानपणी आपण शिकतो, की तारे लुकलुकतात आणि ग्रह स्थिर दिसतात, कारण ग्रहांना छोटी का होईना चकती असते. इथे वातावरणाच्या जागी ताऱ्यांमधला विरळ वायू होता. महिन्याभराने लुकलुक मावळली, म्हणजे ठिपक्याची चकती झाली होती. यावरून आकार निघाला आणि कळलं, की तो गोळा प्रकाशाच्या जवळपास वेगाने फुगत होता.

बावीस सेकंद

आता घाई मिनिटांवर आली. पत्ते झटपट वाटण्यासाठी स्कॉट बार्थेल्मी यांनी १९९३ पासून नासात एक यंत्रणा उभी केली होती. उपग्रहाने टिपलेली ढोबळ दिशा ती काही सेकंदांत जगभरच्या दुर्बिणींना कळवी. २३ जानेवारी १९९९ रोजी बॅट्सीने एक स्फोट टिपला. संदेश लॉस अलामॉसमधल्या 'रॉत्सी' या यंत्राला गेला. त्यात बाजारात मिळणारी कॅमेऱ्याची २०० मिलिमीटरची चार भिंगं एका चौकटीवर बसवलेली होती. त्यांची नजर रुंद होती, त्यामुळे बॅट्सीचा ढोबळ पत्ताही त्यांना पुरला. माणसाचा हात न लागता यंत्र वळलं आणि बावीसाव्या सेकंदाला पहिलं चित्र निघालं. स्फोटानंतर मिनिटभराच्या आत तो ठिपका ८.९ प्रतीपर्यंत चढला. नऊशे कोटी वर्षांहून जुना तो प्रकाश साध्या द्विनेत्री दुर्बिणीतून दिसला असता. नेमका पत्ता मागाहून बेपोसॅक्सकडून आला, तेव्हा तो आपल्या चित्रात कुठे आहे ते रॉत्सीच्या गटाला कळलं.

याच स्फोटाची पश्चदीप्ती नैनितालच्या १०४ सेंटिमीटरच्या दुर्बिणीतून राम सागर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टिपली. भारतातलं या प्रकारचं काम तिथून सुरू झालं. आपल्या जागेचं महत्त्व नकाशा पाहिला की कळतं. कॅनरी बेटं आणि पूर्व ऑस्ट्रेलिया यांच्यामध्ये रेखांशांची मोठी पोकळी आहे आणि तिच्या मधोमध भारत. पश्चदीप्ती रात्रंदिवस उतरत असते. अमेरिकेत दिवस असताना तिची नोंद घ्यायला कुणीतरी अंधारात असावं लागतं.

दोनेक दिवसांनी या पश्चदीप्तीचा उतार एकाएकी तीव्र झाला. ऊर्जा सगळीकडे सारखी फेकली गेली असं धरलं, तर ती सूर्याच्या संपूर्ण वस्तुमानाच्या ऊर्जेहून जास्त भरत होती. उतारातल्या त्या मोडीवरून कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऊर्जा अरुंद झोतात बाहेर पडत असल्याचं दाखवलं. टॉर्चचा झोत थेट डोळ्यांवर आला की बल्ब असेल त्याहून प्रचंड भासतो, तसं.

खोडदची सवड आणि ॲस्ट्रोसॅटची तारीख

सगळीच पश्चदीप्ती अशी घाई करत नाही. जुन्नर तालुक्यात खोडदजवळ गोविंद स्वरूप यांनी उभारलेल्या जीएमआरटीच्या प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या आहेत. रेडिओ लहरींतला उजेड, विशेषतः लांब तरंगलांबीचा, उशिरा चढतो आणि महिनोन्‌महिने टिकतो. २९ मार्च २००३ च्या स्फोटाच्या पश्चदीप्तीतून पुढे महानव्याची खूण उमटली आणि लांब मुदतीचे स्फोट प्रचंड ताऱ्यांच्या अंतातून होतात यावर शिक्कामोर्तब झालं. खोडदच्या आणि नेदरलँड्सच्या तबकड्यांनी या पश्चदीप्तीचा सुमारे तीन वर्षं पाठपुरावा केला. रॉत्सीने सेकंद मोजले, इथे तीन पावसाळे गेले.

१७ ऑगस्ट २०१७ ला दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांत विलीन झाले. गुरुत्वलहरी आल्या आणि त्यामागून १.७ सेकंदांनी गॅमा किरणांचा लहानसा स्फोट. पण क्ष-किरणांतल्या पहिल्या नोंदी निरंक आल्या. पश्चदीप्ती क्ष-किरणांत नवव्या दिवशी आणि रेडिओत सोळाव्या दिवशी दिसली. तिला एवढा उशीर का झाला? झोत आपल्याकडे रोखलेला नव्हता, तो रुंदावत गेला तसा आपल्या नजरेत आला. आधीच्या निरंक नोंदी जपून ठेवल्या नसत्या, तर उशीर झाल्याचंही कळलं नसतं. पुढच्या महिन्यांतल्या रेडिओ पाठपुराव्यात जीएमआरटीचा वाटा होता.

त्याच वर्षी जानेवारीत एक गोंधळ झाला होता, तो मला पतसंस्थेतल्या चुकीच्या खात्यावर पडलेल्या रकमेसारखा वाटतो. ४ जानेवारीला गुरुत्वलहरी आल्या. त्यांच्या दिशेच्या पट्ट्यात हवाईमधल्या एका सर्वेक्षण दुर्बिणीला विझत जाणारा एक ठिपका सापडला. हा त्याच घटनेचा उजेड असेल का? तसं असतं तर मोठीच बातमी होती. पण भारताच्या ॲस्ट्रोसॅट उपग्रहावरच्या सीझेडटीआय या उपकरणाने ५ जानेवारीला, म्हणजे गुरुत्वलहरींच्या दुसऱ्या दिवशी, एक वेगळाच गॅमा किरण स्फोट नोंदवला होता. वरुण भालेराव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ठिपक्याच्या उताराचं गणित उलट्या दिशेने मांडलं. उजेड कधी सुरू झाला असावा, याचं उत्तर ॲस्ट्रोसॅटच्या स्फोटाच्या वेळेशी जुळलं. रक्कम दुसऱ्याच खात्याची होती. मोठी बातमी हुकली, पण हिशेब बरोबर लागला.

पुन्हा कोजागरी

२००४ साली सोडलेल्या स्विफ्ट उपग्रहाने पत्ता आणि घाई या दोन्ही गोष्टी एकाच यानात आणल्या. स्फोट टिपल्यावर तो मिनिटभराच्या सुमारास स्वतःच त्या दिशेला वळतो. त्याच्याच काळात, १९ मार्च २००८ ला, एका पश्चदीप्तीचं तेज ५.३ प्रतीपर्यंत पोहोचलं. सातशे कोटी वर्षांहून जुना प्रकाश अर्धं मिनिटभर नुसत्या डोळ्यांना दिसण्याजोगा होता. आपल्याकडे तेव्हा सकाळचे ११ वाजून ४२ मिनिटं झाली होती. वर ऊन होतं.

तरीही सगळं सुरळीत झालं असं समजू नये, हे कोजागरीच्या स्फोटाने दाखवलं. फर्मी उपग्रहाने तो आपल्या ६ वाजून ४७ मिनिटांना नोंदवला. स्विफ्टला त्या जागी काहीतरी आढळलं ते तब्बल त्रेपन्न मिनिटांनी, सात चाळीसला. जागा आकाशगंगेच्या पट्ट्यात असल्याने हा आपल्याच आकाशगंगेतला एखादा भडकलेला तारा असावा, असं धरून त्याला तसं नावही देण्यात आलं. काही तासांनी दोन्ही नोंदी शेजारी ठेवल्या गेल्या, तेव्हा कळलं की स्विफ्टने पाहिली ती तासाभराची जुनी पश्चदीप्ती. एवढा तेजस्वी स्फोट दहा हजार वर्षांतून एखादाच दिसावा, असा पुढे संशोधकांनी अंदाज बांधला. त्याचीही पहिली ओळख चुकली, कारण पत्ता एकाकडे होता आणि वेळ दुसऱ्याकडे. नंतर जगभरातून जो पाठपुरावा झाला, त्यात लडाखमध्ये हान्ले इथली ०.७ मीटरची ग्रोथ-इंडिया दुर्बीण होती आणि आपलं खोडदही होतं.

हे स्फोट जाहीर करणारी परिपत्रकं कुणालाही वाचायला खुली असतात. मी ती वाचतो. त्यांतल्या पुष्कळ नोंदींत लिहिलेलं असतं, की अमुक वेळी, अमुक दुर्बिणीतून, अमुक प्रतीपर्यंत तिथे काहीही आढळलं नाही. आधी मी ही परिपत्रकं वगळून पुढे जायचो. आता थांबून तारीख आणि वेळ पाहतो. कुणीतरी थंडीत उठून, आपलं ठरलेलं काम बाजूला ठेवून, तिकडे दुर्बीण वळवली होती, आणि काही मिळालं नाही हे स्वतःच्या नावानिशी लिहून ठेवलं होतं.

त्या मुलीला मी पुन्हा भेटलो नाही. त्या शाळेत मात्र पुढच्या विज्ञान दिनाला गेलो होतो. नव्या वर्गासमोर आधी मागच्या वर्षीची चूक सांगितली, मग फळ्यावर दोन चौकटी काढून दोन्हींत सारखे ठिपके दिले, फक्त दुसऱ्या चौकटीत एक ठिपका कमी. "काय कमी आहे?" असं विचारलं. उत्तर यायला जेमतेम दहा सेकंद लागले. मग तीस वर्षं का लागली, ते सांगायला सुरुवात केली.